वहीत एक रकाना दोघांसाठी

शेतावरून नुकत्याच आलेल्या, चुलीपुढे बसलेल्या, गटाच्या बैठकीत रेडिओभोवती जमलेल्या सगळ्या ताई, वहिनी, काकू आणि मावशींना डोंबिवलीहून आमचा नमस्कार.

दर वेळी आम्ही कर्ज, व्याज आणि बँकेच्या कागदांबद्दल बोलतो. आज ते थोडंच बोलू. आजचा विषय वेगळा आहे. नवरा-बायकोने दोघांनीच, पाठीवर एकेक सॅक टाकून, कमी पैशात एखादं शहर पाहून यायचं, हा तो विषय. ऐकून काही जणी हसल्या असतील. आमच्या घरातही आधी सगळे हसलेच होते.

झालं असं. आमच्या शेजारची एक कॉलेजातली मुलगी मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होती. एक तरुण जोडपं पार मेक्सिकोतल्या कुठल्याशा शहरात फिरत होतं. पाठीवर सॅक, पायात बूट, स्वस्तातली खोली, रस्त्यावरच्या गाडीवर जेवण आणि दिवसभर पायी भटकणं. आमचे हे म्हणाले, "यात नवीन काय आहे? आपला वारकरी हेच करतो." खरंच आहे. खांद्यावर पडशी, जिथे सावली मिळेल तिथे मुक्काम, मिळेल ते खाणं. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणं आपल्याकडे काही परकं नाही.

पण आम्ही मनात हिशेब केला. लग्नाला १३ वर्षं झाली. या १३ वर्षांत आम्ही दोघं प्रवासाला कधी निघालो? जेजुरीला गेलो, तेव्हा घरची ११ माणसं बरोबर होती. मुरबाडला माहेरी जातो ते मुलांना घेऊन. बाकीचा प्रवास लग्नाचा, बारशाचा, दवाखान्याचा, नाहीतर कुणाच्या दहाव्याचा. दोघंच, काही काम नसताना, नुसतं फिरायला म्हणून एकदाही नाही. तुम्हीही जरा आठवून बघा.

तरी आम्ही विषय सोडून दिला असता. पण आमच्या एका गटात एक मावशी आहेत. त्यांचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. कितीतरी वर्षं त्यांनी कोल्हापूरची गाडी चालवली. मावशींना ते नेहमी म्हणायचे, एकदा तुला नेतो, अंबाबाईचं दर्शन करू, रंकाळ्यावर बसू. आधी पोरं लहान होती, मग सासऱ्यांचं आजारपण, मग मुलीचं लग्न. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणाले, आणि निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गेले. बैठकीत मावशींनी हे सांगितलं, ते रडून नाही, अगदी साधं सांगितलं. आणि शेवटी आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला बचत शिकवता. तुमच्या वहीत आजारपणाचा रकाना आहे, शाळेचा आहे, लग्नाचा आहे. दोघांसाठी एखादा रकाना आहे का गं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच रात्री घरच्या हिशेबाच्या वहीत आम्ही एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, कोल्हापूर.

आता पैशाचं. हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला आहेत. पगार ठरलेला, खर्चही ठरलेला. आम्ही ठरवलं की दर महिन्याला यांचे अडीचशे आणि आमच्या मानधनातले अडीचशे वेगळे काढायचे. नऊ महिन्यांत साडेचार हजार झाले. मध्ये दोनदा त्यांना हात लावायची वेळ आली. एकदा मुलाच्या वह्या-पुस्तकांसाठी आणि एकदा मिक्सर बिघडला म्हणून. नाही लावला. मिक्सर महिनाभर बंद होता, पाट्यावर वाटण केलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फिरायला जाण्यासाठी गटातून कर्ज काढू नका. दोन दिवसांच्या फिरण्यासाठी वर्षभर हप्ता भरायचा, यात आनंद उरत नाही. साठवा आणि मग जा. पैसे कमी जमले तर जवळचं गाव निवडा, पण जा.

पैशापेक्षा अवघड काम घरात होतं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरं टाकून दोघंच फिरायला? लोक काय म्हणतील?" आम्ही गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी यांनीच त्यांच्याजवळ बसून सांगितलं, "आई, तीन रात्री जाणार, तिसऱ्या सकाळी घरी. नवस नाही, काम नाही. हिला कधी कुठे नेलं नाही, म्हणून नेतोय." सासूबाई हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. नणंद दोन दिवस राहायला आली. मुलांचं काय काय ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. मैत्रिणींनो, ही बोलणी नवऱ्याने केली तर निम्मं ओझं उतरतं. ती त्यांनाच करू द्या.

सामान दोघांचं मिळून दोन सॅक. दोन जोड कपडे, टॉवेल, चादर, पाण्याच्या बाटल्या, रोजच्या गोळ्या, मोबाईलचा चार्जर. पहिल्या रात्रीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. जे स्वतःच्या पाठीवर घेऊन तासभर चालता येत नाही, ते घ्यायचं नाही, एवढा एकच नियम. त्यामुळे कुठेही हमाल नको आणि उगाच रिक्षाही नको.

गुरुवारी रात्री डोंबिवलीहून लोकलने कल्याण, आणि कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेस. स्लीपरचं आरक्षण आधीच केलं होतं. गाडी पुणे, सातारा, सांगली, मिरज करत सकाळी कोल्हापूरला पोहोचते. रात्रीच्या गाडीचा फायदा असा की एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचतात आणि पूर्ण दिवस हाती मिळतो. येतानाही तसंच केलं. म्हणून दोन दिवस फिरूनही खोली एकाच रात्रीची लागली.

सकाळी कोल्हापूर स्टेशनवर उतरलो. मध्यवर्ती बसस्थानक तिथून चालत जाण्यासारखं आहे आणि त्याच भागात लॉज आहेत. पहिल्या लॉजमध्ये आमची फजिती झाली, तीही सांगायलाच हवी. काउंटरवरच्या माणसाने दोघांचीही आधार कार्डं मागितली. यांच्या आधारवर डोंबिवलीचा पत्ता. आमच्या स्वतःच्या आधारवर अजून माहेरचं नाव आणि मुरबाडकडचा पत्ता. त्याने दोन्ही कार्डं उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "तुम्ही नवरा-बायको कशावरून?" गळ्यात मंगळसूत्र, १३ वर्षांचा संसार, घरी दोन मुलं, आणि हा प्रश्न. यांचा आवाज चढला. आमचा चेहरा मात्र उतरला. मागे उभी असलेली दोन माणसं बघत होती. आम्ही कार्डं घेतली आणि बाहेर आलो.

बाहेर टपरीवर चहा घेताना दोघंही बोललो नाही. मनात येत होतं की परत जावं. आणि लाज वेगळीच वाटत होती. गावोगावच्या बायकांना आम्ही सांगतो, कागदपत्रं नीट ठेवा, नाव-पत्ता जुळवून घ्या. आणि स्वतःचं काम १३ वर्षं राहिलेलं. शेवटी हे म्हणाले, "चल, पुढचं दार बघू."

पुढच्या लॉजवर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही कार्डांच्या प्रती घेतल्या, रजिस्टरमध्ये दोघांची नावं लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि किल्ली दिली. आम्हीच विचारलं, नाव वेगळं आहे ते चालेल ना? त्या म्हणाल्या, "ताई, कार्ड तुमचं आहे ना? मग झालं."

म्हणून हे लक्षात ठेवा. खोली घेताना प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. लग्नाचा दाखला दाखवलाच पाहिजे, असा कायदा नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असाही कायदा नाही. माहेरचं नाव ठेवायचं तर खुशाल ठेवा. पण पत्ता बदलून घेतलेला बरा, आणि प्रवासात मोबाईलमध्ये लग्नाच्या दाखल्याचा फोटो असला तर अशा माणसापुढे वाद घालण्यात सकाळ वाया जात नाही. आम्ही परतल्यावर पहिल्या आठवड्यात पत्त्याचं काम करून टाकलं.

आंघोळी करून अंबाबाईच्या देवळात गेलो. शुक्रवार असल्याने रांग मोठी होती. हे देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळत्या सूर्याची किरणं थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. त्याला किरणोत्सव म्हणतात. आम्ही त्या दिवसांत नव्हतो, पण दगडी खांबांमधून आत जाताना कळतं की हे बांधणाऱ्यांनी सूर्याचा केवढा विचार केला असेल. दर्शन झाल्यावर दुपारी जवळच्या अन्नछत्रात पंगतीला बसलो. जेवणाचे पैसे कुणी मागत नाही. आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे पेटीत टाकले.

देवळाला लागूनच भवानी मंडप आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर खासबाग मैदान. हे कुस्तीचं मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ साली ते पुरं झालं. मध्ये खाली लाल मातीचा आखाडा आणि चारी बाजूंनी वर वर चढत गेलेली बसायची जागा. कुठेही बसलं तरी कुस्ती दिसते. तिथे हे एकदम थांबले. बराच वेळ आखाड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी दहावीपर्यंत तालमीत जायचो. गावच्या जत्रेत दोनदा नारळ जिंकलाय." आम्ही बघतच राहिलो. १३ वर्षांत हे आम्हाला माहीतच नव्हतं. विचारलं, मग सोडली का? म्हणाले, "वडील गेले, नोकरी धरावी लागली." एवढंच बोलून पुढे चालायला लागले. घरी असतो तर हे बोलणं कधी निघालं नसतं. तिथे भाजी, डबा, शाळा, शिफ्ट यांच्यामध्ये तालमीला जागा कुठे?

दुपारनंतर सिटी बसने नवा राजवाडा पाहायला गेलो. १८८४ साली पुरी झालेली काळ्या दगडाची इमारत, वर घड्याळाचा मनोरा, आणि आत छत्रपतींचं वस्तुसंग्रहालय. आपण बायकांनी तर शाहू महाराजांची आठवण ठेवायलाच हवी. १९०२ साली त्यांनी आपल्या संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता दिली. स्वतःच्या घरातल्या विधवा सुनेला, इंदुमती राणीसाहेबांना, लोकांचा विरोध असताना शिकवलं. शंभर वर्षांपूर्वी एका राजालाही "लोक काय म्हणतील" हे ऐकावं लागलंच असेल. त्याने तरी केलं.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. तलावाच्या काठावर भेळ घेतली आणि कट्ट्यावर बसलो. मैत्रिणींनो, खरं सांगतो, पहिली पंधरा मिनिटं बोलायला काही सुचेना. लाईटबिल भरलं का, पोरांनी जेवलं असेल का, नणंदेला गॅसचं बटण नीट बंद करता येतं ना. हे विषय संपल्यावर दोघंही गप्प. मग आम्हीच पुन्हा तालमीचं विचारलं. त्यावर हे जे बोलायला लागले, ते काठावरचे दिवे लागून भेळवाल्यांची आवराआवर होईपर्यंत. आम्हीही सांगितलं, बीएचा शेवटचा पेपर लग्नाची बोलणी चालू असताना कसा दिला ते. यांना ते ठाऊक नव्हतं.

रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. तिथे म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देतात. गावाकडच्या तुम्हाला यात नवल वाटणार नाही. पण भर शहरात, गाड्यांच्या गर्दीत ते फेसाळ दूध पिताना आम्हाला मुरबाडच्या गोठ्याची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी खोली सोडली, सॅक स्टेशनच्या सामानघरात ठेवल्या आणि एसटीने पन्हाळ्याला गेलो. इथे आपल्या अर्ध्या तिकिटाबद्दल सांगतो. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत एसटीच्या सगळ्या गाड्यांना बायकांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपण ती सवलत वापरतो कशाला? बाजाराला, बँकेत, दवाखान्यात. कंडक्टरने "एक फुल, एक हाफ" म्हणून तिकिटं फाडली तेव्हा हे हसून म्हणाले, "आजपासून फिरायचं तर तुझ्याबरोबरच."

पन्हाळा कोल्हापूरपासून साधारण २० किलोमीटरवर आहे. एसटी थेट वर गडावर जाते. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज इथूनच निसटले. बाजीप्रभू आणि शिवा काशीद यांचे पुतळे गडावर आहेत. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळाही आहे. पण आम्हाला सगळ्यात आवडलं ते अंबरखाना. धान्याची मोठमोठी दगडी कोठारं. त्यांना गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं. वेढा किती दिवस झेलता येणार, हे अशा कोठारांवरच ठरायचं. घरात चार महिन्यांचं धान्य भरताना आपण जो हिशेब करतो, तोच इथे गडाएवढा मोठा केलेला. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो.

खाली परतल्यावर चपलांच्या दुकानांत गेलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हे नाव या भागातल्या कारागिरांचं. या चपलेवरची चामड्याची वेणी बहुतेक ठिकाणी बायका घालतात. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या मोठ्या कंपनीने मिलान शहरात अशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडून ओरड झाल्यावर त्यांना ते कबूल करावं लागलं. गटात पापड, मसाले, पिशव्या करणाऱ्या आपण सगळ्यांनी यातून एवढं घ्यावं, की वस्तूवर आपलं नाव आपणच लावायचं असतं. आम्ही सासूबाईंसाठी एक जोड घेतला.

गाडीला वेळ होता म्हणून बसस्थानकात गेलो. मुंबईची पाटी लावलेली एसटी फलाटावर उभी होती. मावशींसाठी तिचा एक फोटो काढला.

आता हिशेब. रेल्वेची जाता-येताची दोघांची तिकिटं १,२६०. लोकल २०. खोली ८००. जेवण, चहा, नाश्ता आणि अन्नछत्राच्या पेटीत टाकलेले मिळून ८७०. एसटी, सिटी बस, रिक्षा ३७०. पाहायच्या ठिकाणांची तिकिटं १६०. सामानघर ६०. चप्पल ६५० आणि गूळ ११०. एकूण ४,३००. साडेचार हजारांतले २०० रुपये उरले. दर रात्री खर्च यांनीच लिहिला. पाकीट आमच्याकडे होतं आणि हे विचारायचे, "किती उरले?" घरी नेहमी हा प्रश्न आम्ही विचारतो.

रविवारी सकाळी घरी पोहोचलो. मुलं धावत आली. सासूबाईंनी चपला घालून पाहिल्या, बरोबर बसल्या. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी भाजी निवडताना हळूच विचारलं, "त्या पन्हाळ्याला गाडी थेट वर जाते का गं?" आम्ही म्हणालो, "जाते की. आणि तुमचं तिकीट अर्धं." मावशींना फोटो दिला, तो त्यांनी बचतीच्या पासबुकात ठेवलाय.

मैत्रिणींनो, सगळ्यांचंच घर असं जमून येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. कुणाचा नवरा तयार होणार नाही, कुणाला नवरा नाही. तर बहिणीबरोबर जा, जावेबरोबर जा, गटातल्या मैत्रिणीबरोबर जा. रोजंदारी असेल तर बुडणारी मजुरीही खर्चात धरा आणि तेवढे जास्त साठवा. भातकापणी आटोपली की लग्नसराईआधी थोडे दिवस मोकळे मिळतात, ते निवडा. एक मुक्काम नको असेल तर सकाळी जाऊन रात्री परत या.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. वहीत एक रकाना आखा आणि गावाचं नाव लिहा. महिन्याला ५० रुपये टाकले तरी चालतील. आमच्या वहीतल्या त्या रकान्यात आता नाशिक लिहिलंय, आणि पहिले २०० जमाही आहेत.

नमस्कार.